पापडावरचा संबळ

काका, तुमच्यासमोर मला कधी सलग चार वाक्यं बोलता आली नाहीत. अर्ध्यातच तुम्ही म्हणायचात, "तोंडानं नगं, हातानं बोल." तुम्ही गेलात, आता अडवायला कुणी नाही, म्हणून लिहिते आहे.

मावसबहिणीच्या लग्नानंतर तुम्ही गोंधळ घालायला आला होतात. सदाशिव पेठेतलं कार्यालय, पाहुण्यांचा अर्धा जीव जेवणाच्या पंगतीत, आणि तुम्ही कमरेला संबळ बांधून उभे. एक भांडं मोठं, एक लहान, हातात दोन काठ्या. तो आवाज ऐकून मी पंगत सोडून तुमच्यासमोर येऊन बसले. कार्यक्रम संपल्यावर मी विचारलं, मला शिकवाल का? तुम्ही माझ्या जीन्सकडे पाहिलंत. "कालेजची हौस हाय. आठ दिसात उतरंल." मी पेठेतली, त्यामुळे हौस उतरली तरी हट्ट उतरत नाही. दर रविवारी स्कूटर काढून लोणी काळभोरला येऊ लागले. तुमच्या मुलानं कंपनीत नोकरी धरली होती आणि संबळाला हात लावायचा नाही असं साफ सांगितलं होतं. घरात शिकणारं दुसरं कुणीच नव्हतं. ही गोष्ट मी तेव्हाच मनात टोचून घेतली आणि ती अजून निघालेली नाही.

सरावाची पंचाईत माझ्या घरी होती. खालच्या मजल्यावर स्पर्धा परीक्षांचा क्लास, शेजारी निवृत्त आजोबा. पहिल्याच दिवशी ते दारात आले आणि अत्यंत आदरानं म्हणाले, "आपण हे वाजवता आहात, की फरशी बदलून घेता आहात? म्हणजे त्याप्रमाणे बाहेर जायला बरं." त्या दिवसापासून मी उशीवर वाजवू लागले. आवाज नाही, तक्रार नाही, सगळी इमारत खूश. तुम्हाला हे सांगायचं मात्र राहून गेलं.

मग शनिवार पेठेतल्या एका फ्लॅटमधला तो गोंधळ. तुमचा खांदा दुखत होता, म्हणून कार्यक्रमात संबळ पहिल्यांदाच माझ्या कमरेला आला. तुम्ही एकेका देवीचं नाव घेऊन गोंधळाला बोलावत होतात आणि मी असे घाव घालत होते की ती बोलावणी माझ्याच आवाजाखाली गाडली गेली. कुठल्या देवीला निमंत्रण पोचलं आणि कोण तशीच घरी बसून राहिली, कोण जाणे. समोरच्या आजींनी शांतपणे कानातलं यंत्र काढलं, पर्समध्ये ठेवलं आणि पुढे प्रसन्न चेहऱ्यानं बसून राहिल्या. तुम्ही गोंधळ उरकलात. खाली चहाच्या टपरीवर कप अर्धा झाल्यावर विचारलंत, "उशीवर शिकलीस व्हय?" मी कप खाली ठेवला. "उशी काठी म्हागारी देत न्हाई. कातडं देतं. तू दाबून ठिवतीस, त्ये उडू द्यायचं असतं."

पुढच्या रविवारी तुम्ही स्वयंपाकघरात गेलात, पातेल्याच्या तोंडावर कच्चा पापड ठेवलात आणि म्हणालात, "वाजीव. मोडला तर भाजून तूच खायचा." काकू भाकरी थापता थापता बघत होत्या. "ही शिकवणी हाय का नासधूस?" मी मोडत गेले, खात गेले. हात हलका व्हायच्या आधी पित्त झालं. शेवटी एका रविवारी पापड अख्खा राहिला. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही तो उचलून परत डब्यात ठेवलात आणि गुरांना पाणी दाखवायला गेलात. शाबासकी तेवढीच.

नंतर एका यजमानांनी अडवलं होतं. "संबळ मुलगी वाजवणार? चालतं का हे?" तुम्ही पागोटं सारखं करत म्हणालात, "बाई चालत न्हाई म्हनता, मग देवीला कुठं बसवू, जिन्यात?" यजमान बाजूला झाले. मी त्या दिवशी जीव ओतून वाजवलं आणि कोणाचंही यंत्र पर्समध्ये गेलं नाही. घरी जाताना तुम्ही फक्त ऊन फार आहे म्हणालात.

आता आठवडाभर मी ऑफिसात असते आणि शनिवार-रविवार गोंधळात. लोक व्हिडिओ काढतात, वा वा म्हणतात. मला तेवढ्यानं भागत नाही. मला येत होतं म्हणून तुम्ही शिकवलंत, की दुसरं कुणी नव्हतं म्हणून? गेल्या रविवारी हेच विचारायला लोणीला गेले. काकूंना विचारलं, काका माझ्याविषयी कधी काही बोलले का? काकू हसल्या. "त्येंनी कदी कशाला बरं म्हनलं न्हाई बाई. जल्मभर माज्या कालवनाला नावं ठिवली. पन एक दीस भाईर जेवले न्हाईत."

मी मान डोलावली आणि परत आले. स्कूटरवर हडपसर येईपर्यंत रडले. सिग्नलवर लोकांना वाटलं, डोळ्यात धूर गेला.

तर काका, हे पत्र मी पाठवत नाही. पत्ता नाही हे कारण नाही. काकूंच्या उत्तरावर माझं छान चाललंय. तुम्हाला विचारलं तर तुम्ही खरं सांगाल, आणि त्याची मला अजूनही भीती वाटते.