ओवाळणीतले तिकीट

मी, सरोज गुरुनाथ मंद्रूपकर, वय बावन्न, अविवाहित, मूळ राहणार सोलापूर, गेली सव्वीस वर्षे राहणार चंडीगड, सध्या मुक्काम मनीमाजरा, धंदा नोकरी, शस्त्रक्रिया विभागाची सिस्टर इनचार्ज, हे मृत्युपत्र दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, स्वतःच्या टेबलावर, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. दबाव आणणाऱ्यांचे माझ्यापुढे काय होते ते कलम चारमध्ये येईलच.

दिवाळीनंतरच्या मंगळवारी, २३ ऑक्टोबरला, माझ्या पोटातली गाठ काढायची आहे. ती कोणत्या जातीची, हे पोट उघडल्यावर कळेल. ज्या टेबलाशेजारी मी सव्वीस वर्षे उभी राहिले त्याच टेबलावर आता आडवी होणार. सर्जन हुशार आहेत. त्यांनी घातलेले पहिले टाके मी पाहिले आहेत, म्हणून थोडी काळजी आहे, पण तेवढीच.

माझी भावंडे तीन. थोरला श्रीराम, म्हणजे आमचा दादा, नगरपालिकेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त. माझ्या पाठची नयना, तिचे सासर सोलापुरातच. धाकटा जयंत हवाई दलात. चौघेही हट्टी. आईवडिलांनी इस्टेट ठेवली नाही, हट्ट मात्र सारखा वाटून दिला.

कलम १. मनीमाजऱ्यात, बाजारामागच्या गल्लीत माझे तीन खोल्यांचे घर आहे. ते स्वकष्टार्जित आहे. त्यात वडिलोपार्जित एक वीटही नाही, तेव्हा ते कुणाला द्यावे हा सर्वस्वी माझा अधिकार. हे घर मी दादाची मुलगी चि. लीना हिला देत आहे. लीना यंदा नर्सिंगच्या परीक्षेत पहिल्या वर्गात आली. आमच्या विभागात जागा निघाल्या तेव्हा तिने मला न विचारता अर्ज केला आणि माझे नाव न सांगता ती निवडली गेली. याचा मला किती अभिमान वाटला ते लिहायला हा कागद पुरायचा नाही. तिचे निवडपत्र गेला महिनाभर तिच्या वडिलांच्या कपाटात कुलपात आहे. "पंजाबात पोर पाठवायला मी खुळा नाही," असे दादा म्हणतो. चंडीगड पंजाबचे की हरियाणाचे यावरून इथे दोन सरकारे भांडत आहेत. दादाने सोलापुरात बसून निकाल देऊन टाकला.

घराला अट एकच. ते भीतीने विकू नये. कंटाळा आला, बदली झाली, इथल्या थंडीने सांधे धरले, तर खुशाल विकावे, माझी हरकत नाही.

कलम २. पुढच्या खोलीतला, समुद्रकिनाऱ्यावरचा आम्हा चौघांचा फोटो जयंतला द्यावा. हा फोटो १९८७ च्या दिवाळीतला. जयंत तेव्हा पोर्ट ब्लेअरला होता आणि त्याने सगळ्यांना बोलावले होते. आम्ही चौघांनी त्याआधी कधी एकत्र सहल केली नव्हती. लहानपणी आमच्या घरी नळाला दिवसाआड पाणी यायचे. सिद्धेश्वराचे तळे म्हणजे जगातले सगळ्यात मोठे पाणी, असे आम्ही समजत होतो. मद्रासहून बोटीने तीन दिवस लागले. दादा बोट लागून तिन्ही दिवस डेकवर आडवा होता. त्यात त्याची काळी टोपी उडून समुद्रात गेली, तेव्हा तो उठून बसला आणि बोटीच्या अधिकाऱ्याला लेखी तक्रार कुठे करायची ते विचारू लागला.

पोर्ट ब्लेअरहून आम्ही लाँचने आणखी एका लहान बेटावर गेलो आणि सरकारी विश्रामगृहात उतरलो. समोर पांढरी वाळू, मागे नारळ आणि उंच झाडे, आणि पाणी असे स्वच्छ की उभे राहिले तर पायाची नखे दिसत. पहिल्या दिवशी आम्ही चौघे काठावरच उभे राहिलो, तळ्याच्या घाटावर उभे राहावे तसे. मग मी लुगड्यासारखा कासोटा मारला आणि गळ्याइतक्या पाण्यात गेले. नयना ओरडत होती, दादा "परत ये, परत ये" म्हणत होता. मला पोहता येत नाही. तरी गेले, आणि एकटी परत आले. फोटोत माझे केस ओले आहेत ते यामुळे.

जयंतने हा फोटो पाहताना हेही लक्षात ठेवावे, की त्याच पावसाळ्यात इकडे अतिरेक्यांनी बस थांबवून माणसांना गोळ्या घातल्या, तेव्हा आमचे ऑपरेशन थिएटर सलग तीस तास चालू होते आणि मी एकदाही खुर्चीवर बसले नव्हते. हे मी बढाई म्हणून लिहीत नाही. बरे, बढाई म्हणूनच लिहिते.

कलम ३. माझे शिलाई मशीन नयनाला. त्याची वादी नवीन आहे, तेल वेळेवर घालावे. जिच्या तोंडात तीळ भिजत नाही त्या नयनाने बेटावर तीन दिवस एक गुपित पोटात ठेवले आणि मला करंज्या भरवल्या. तिला मी माफ केले आहे. करंज्या उत्तम होत्या.

कलम ४. ते गुपित असे. भाऊबीज बेटावर करायची ठरले होते. नयनाने निरांजन, सुपारी, अंगठी, कुंकू सगळे आणले, पण तबक विसरली. मी प्रवासात औषधांबरोबर ऑपरेशनमधली स्टीलची किडनी ट्रे ठेवते. आम्ही तिचेच तबक केले. वाऱ्याने निरांजन तीनदा विझले. शेवटी नयना छत्री धरून बसली. उघड्या डोक्याने ओवाळून घ्यायचे नाही, म्हणून जयंतने युनिफॉर्मची टोपी घातली आणि दादाने सोलापुरी टॉवेल डोक्याला गुंडाळला. मला इतके हसू येत होते की कुंकू दादाच्या नाकावर लागले.

दादाने ट्रेमध्ये पाकीट ठेवले. उघडले तर आत मद्रास ते सोलापूर रेल्वेचे तिकीट, माझ्या नावाचे. सोबत माझ्या नोकरीचा राजीनामा, दादाने स्वतः टाइप केलेला, कार्बन घालून तीन प्रतींत. फक्त माझी सही बाकी होती. माझे चंडीगडचे परतीचे तिकीट त्याने मद्रासलाच माझ्याकडून मागून घेतले होते, "जागा पक्की झाली का ते बघतो" म्हणून. ते त्याने रद्द करून टाकले होते.

"सरू, तिकडं परत जायचं नाही," दादा म्हणाला. "मला रोज सकाळी पेपर उघडायची भीती वाटते गं. आधी मेलेल्यांची नावं वाचतो, मग चहा पितो."

त्याचा टॉवेल सुटून खांद्यावर आला होता.

"आणि ही ओवाळणी आहे. ओवाळणी परत करायची नसते."

"नाहीच करत," मी म्हणाले आणि तिकीट पर्समध्ये ठेवले. दादाला वाटले, जिंकला. त्या दिवशी तो पहिल्यांदा गुडघाभर पाण्यात गेला. राजीनाम्याच्या तिन्ही प्रतींत मी निघताना ओल्या चपला गुंडाळल्या.

परतताना मद्रास स्टेशनवर मुंबई मेल लागली. दादा आणि नयना चढले. मी माझी ट्रंक घेऊन फलाटावरच उभी राहिले.

"सरू, चढ की! गाडी सुटंल!"

"दादा, ओवाळणी परत करत नाहीत. पण तिचं काय करायचं ते बहीण ठरवते."

गाडी हलली. दादा दारातून ओरडला, "मग संपली आपली भाऊबीज! त्या गावात मी पाऊल टाकणार नाही!" त्याचा आवाज फाटला होता. मी दिल्लीपर्यंत जनरलच्या डब्यात ट्रंकेवर बसून आले, तिथून बसने चंडीगड. गावात कर्फ्यू होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला ड्यूटीवर हजर झाले. माझ्या सव्वीस वर्षांच्या हजेरीत त्या सहलीमुळे एकही खाडा नाही. रजा मंजूर होती तेवढीच घेतली.

सदर किडनी ट्रे लीनाला द्यावी. तिकिटाबद्दल कलम ६ पाहावे.

कलम ५. बँकेत व फंडात जे असेल ते नयना आणि जयंत यांनी सारखे वाटून घ्यावे. माझी स्वतःची लांब कात्री विभागाला द्यावी. तिने कुणी लिफाफे फोडू नयेत.

कलम ६. ज्यांना मी काहीही ठेवलेले नाही अशी माणसे दोन.

पहिले, शेजारचे सरदार रघुवीरसिंग, पिंजौरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर. कर्फ्यूत माझा पास आणि त्यांची स्कूटर यांवर मी किती वेळा ड्यूटी गाठली याची मोजदाद नाही. रस्त्यात अडवले की ते फक्त म्हणायचे, "सिस्टरजी हैं, ऑपरेशन रुका हुआ है." ऑपरेशन असो वा नसो. १९८८ च्या भाऊबीजेला दादा रुसलेला आणि जयंत लांब, ओवाळायला भाऊ नव्हता, म्हणून आपल्या रीतीप्रमाणे मी अंगणात चंद्राला ओवाळले. त्यांनी भिंतीवरून पाहिले आणि विचारले, मी सांगितले. पुढच्या वर्षी नवी पगडी बांधून ते स्वतःच दारात उभे राहिले. म्हणाले, "भैणजी, चंद्रमा बहुत दूर है. मैं तो बगल में हूँ." त्यांच्यासाठी टोपी शोधावी लागत नाही, ही आणखी एक सोय.

दुसरा, माझा दादा, श्रीराम गुरुनाथ मंद्रूपकर. त्याला घर नाही, पैसा नाही, भांडेकुंडे नाही. कुणी याला सूड म्हणेल. तसे नाही. वकिलांनी मला सांगितले, "मृत्युपत्रात ज्याला काही मिळतं त्यानं साक्षीदार होऊ नये." मला साक्षीदार म्हणून हेच दोघे हवेत. म्हणून दोघांचीही पाने कोरी ठेवली. ते तिकीटसुद्धा या कागदाने मी दादाला देत नाही. द्यायचे झाले तर हातात देईन.

या मजकुराची प्रत मी दादाला रजिस्टर पोस्टाने पाठवीत आहे. तो हेडक्लार्क आहे; ज्या कागदावर आपल्या सहीची जागा रिकामी आहे तो कागद त्याला झोपू देत नाही, हे मला पक्के ठाऊक आहे. मी भाऊबीजेच्या संध्याकाळी सहापर्यंत वाट पाहीन. सहा वाजून गेले तर त्या जागी माझ्या हाताखालची स्मिता सही करील. तिला तसे सांगून ठेवले आहे. कायद्याने कागद तरीही पक्का होईल. माझ्या मनात मात्र तो कच्चा राहील. इतकी वर्षे मी न घाबरता राहिले याचा मला अभिमान आहे. पण टेबलावर आडवे होण्याआधी दादाला एकदा ओवाळता आले नाही, तर मला फार वाईट वाटेल. हे मी तोंडाने कधी म्हणाले नसते. मृत्युपत्रात लिहायला हरकत नाही.

कलम ७. माझ्या माघारी कुणी "एकटी राहिली बिचारी" असे म्हणू नये. म्हणणाऱ्याला फोटो दाखवावा.

सदर मृत्युपत्र मी वाचून पाहिले, ते माझ्या मनाप्रमाणे आहे, आणि खालील दोघांच्या देखत आज सही करीत आहे.

ठिकाण: मनीमाजरा, चंडीगड
तारीख: २० ऑक्टोबर १९९०, भाऊबीज, संध्याकाळचे पाच वाजून चाळीस मिनिटे

सही: सरोज गुरुनाथ मंद्रूपकर

साक्षीदार १: रघुवीरसिंग, शेजारी. सही पंजाबीत केली आहे. मजकूर त्यांना हिंदीत समजावून सांगितला. ते एवढेच म्हणाले, "पगड़ी वाली बात भी लिख दी?"

साक्षीदार २: मी, श्रीराम गुरुनाथ मंद्रूपकर, वय एकसष्ट, निवृत्त हेडक्लार्क. सही करण्यापूर्वी पुढील दुरुस्त्या नोंदवतो. कलम ३ मध्ये गुपित तीन दिवस ठेवल्याचे लिहिले आहे. बोटीवरचे दिवस धरता ते सहा होतात. कलम १ मधील निवडपत्र मी सोबत आणले आहे. विभाग स्वतः पाहून मग ठरवीन. बाकी मजकूर खरा आहे. बहिणीचे डोके ठिकाणावर असल्याचे मी प्रमाणित करतो, तसे ते मद्रास स्टेशनवरही होते. ओवाळताना डोक्यावर टोपी होती. ते तिकीट मिळाले, हातात.

राहणार सोलापूर. मंगळवारी बहिणीचे ऑपरेशन असल्याने हल्ली मुक्काम मनीमाजरा. परतीचे तिकीट काढलेले नाही.

सही: श्री. गु. मंद्रूपकर