एक मिनिट अडतीस पॉइंट चार

१० नोव्हेंबर २०२५, सोमवार

पहिली शिफ्ट. मोशीहून सहा वीसची बस. सात वाजता ट्रॅकच्या शेडमधून जुनी लाल गाडी बाहेर काढली. बॅटरी मेलेली, चाकांत हवा नाही. चौघांनी ढकलत ट्रॅकलगतच्या पिटमध्ये आणली.

अकराला मीटिंग. नवी स्पोर्ट्स कार जानेवारीत बाजारात येणार. त्याआधी जुनी आणि नवी एकाच ट्रॅकवर, एकाच दिवशी, एकाच ड्रायव्हरने चालवायची, वेळ घ्यायची आणि त्याची फिल्म करायची. पुण्याच्या ऑफिसातून मिनल मॅडम आल्या होत्या. त्यांना 'चार सेकंदांनी वेगवान' असं लिहायचंय. वेळ अजून घेतलीच नाही, आकडा मात्र ठरलाय.

पिटच्या भिंतीवर बोर्ड आहे — जुनी गाडी, १ मिनिट ३८.४ सेकंद, मार्च २०१६, द. येळवंडे. मॅडमनी विचारलं, "हे कुठे असतात आता?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. शेवटी आमचे कुलथे सर म्हणाले, "ते गेले. ह्या त्यांच्या मिसेस. आपल्याच डेटा रूमला असतात."

मॅडमचा चेहरा पडला. पाच मिनिटांनी त्यांना कल्पना सुचली. फिल्मच्या शेवटी ह्यांचं नाव आणि फोटो. श्रद्धांजली म्हणून.

म्हणजे आधी हरवायचं आणि मग फोटो लावायचा.

११ नोव्हेंबर, मंगळवार

जुन्या गाडीला २०१९चे टायर. नखाने दाबलं तर रबर दबत नाही. नवीला कोरे. कुलथे सरांना सांगितलं तर म्हणाले, "अहो, जुनी गाडी म्हटल्यावर टायर पण जुनेच असणार ना." सगळे हसले.

दुपारी पुन्हा गेले. दोन्ही गाड्यांना कोरे टायर असल्याशिवाय टेस्ट शीटवर सही करणार नाही म्हटलं. एवढं एक वाक्य बोलायला सकाळची दुपार झाली. टायर मागवलेत.

१२ नोव्हेंबर, बुधवार

दोन्ही गाड्या सुजित मस्के चालवणार. दुसरं आहे कोण म्हणा.

हे आणि सुजित, दोघेही इथले टेस्ट ड्रायव्हर. तो बीडकडचा, हे इथलेच निघोज्याचे. दिवाळी असो, गणपती असो, त्याच्या मुलीचा वाढदिवस असो — सुजितची शिफ्ट ह्यांनीच करायची. मी भांडायचे. "त्याला नाही म्हणायला जीभ झडते का तुमची?"  हे जेवून उठायचे आणि बूट घालायचे.

१९ जानेवारी २०२३ला ह्यांची रजा होती. तरी सुजितच्या जागी गेले. चार वाजता सुटले, स्कूटरवर निघाले, चाकणच्या पुढे कंटेनरखाली आले. दोनशेच्या वेगाने गाडी हाणणारा माणूस तीसच्या वेगात गेला.

आज पिटमध्ये सुजितने विचारलं, "वहिनी, बरंय ना?" मी शीटवर तारीख लिहीत राहिले.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सुट्टी. निघोज्याला जाऊन आले. सासूबाईंना फिल्मचं सांगितलं.

"टीव्हीवर दाखवत्याल का गं?"
"मोबाईलवर."
"मंग मला दाखव. त्याचं नाव मोठ्या अक्षरात हाय का ते बघ. बारीक मला दिसत न्हाई."

तीन वेळा विचारलं. निघताना चौथ्यांदा. म्हणाल्या, "आमी काय, आज हाय उद्या न्हाई. त्याचं नाव तरी ऱ्हाईल."

१५ नोव्हेंबर

टायर आले. कोरे.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

टेस्ट झाली.

आधी नवी. गिअर तीच बदलते. वळणात मागचं चाक सरकलं की कॉम्प्युटर पकडतो, माणसाला कळायच्या आत. सरळ पट्ट्याच्या शेवटी २१२. दुसऱ्या डाव्या वळणात ९६. वेळ १ मिनिट ३४.२. सुजित उतरला तो लिफ्टमधून उतरावं तसा. घाम नाही.

मग जुनी. क्लच जड, स्टिअरिंग जड, मदतीला कोणी नाही. पट्ट्याच्या शेवटी १९७, त्याच वळणात ८१. पाच फेऱ्या मारल्या. उतरला तेव्हा पाठ भिजलेली. सगळ्यांत चांगली १ मिनिट ३८.९.

मिनल मॅडम खूश. चार मागितले होते, पावणेपाच मिळाले.

मला फक्त ३८.९ दिसत होतं. म्हणजे ह्यांच्यापेक्षा अर्धा सेकंद मागे. कोरे टायर घालूनही. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं — जुन्या गाडीत चालक मूळ चालकाच्या वेळेपर्यंत पोचू शकला नाही. चालकाचा वेग कमी झाला आहे.

दुसऱ्या वाक्याची गरज नव्हती. तरी लिहिलं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

कुलथे सरांनी केबिनमध्ये बोलावलं. "तुमचा शेरा वाचला. मला पण तेच वाटत होतं, पण लिहून कोण देणार? पंचेचाळिशी आली त्याची." जानेवारीपासून सुजित ट्रॅकवर नाही. यार्डात. तयार गाड्या ट्रेलरवर चढवायच्या. ट्रॅकला नवीन मुलगा घेणार.

वर म्हणाले, "ज्याच्या हातात कसब होतं तो गेला आणि हा राहिला." मला बरं वाटावं म्हणून म्हणाले.

वाटलं. घरी येईपर्यंत बरं वाटत होतं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

फिल्ममध्ये दोन्ही गाड्यांचे आलेख एकावर एक दाखवायचेत. जुनीचा बोर्डावरच्या फेरीचाच हवा, म्हणून मॅडमनी २०१६ची फाईल मागितली. ती जुन्या डिस्कवर होती, मी कधी पाहिली नव्हती. ह्यांच्या बाकीच्या सगळ्या फेऱ्या पाहिल्यात. काम संपलं की दोन वर्षं तेच करत आलेय. ब्रेक कुठे दाबला, किती दाबला, कधी सोडला — सगळं रेघेत उतरतं. प्रत्येक ड्रायव्हरची रेघ वेगळी. हे ब्रेक दोनदा दाबायचे. एकदा हलका, मग सोडून पुन्हा. स्कूटरवरसुद्धा तसंच. मागे बसलेली मी दोनदा ह्यांच्या पाठीवर आपटायचे.

फाईल उघडली. ब्रेक एकदाच दाबलेला. उशिरा, आणि एकदम पूर्ण. एकूण एक वळणावर तसाच.

चुकीची फाईल असेल म्हणून गाडीचा नंबर बघितला. तारीख बघितली. वेळ ३८.४. सगळं बरोबर. मग मंगळवारची सुजितची फेरी त्यावर ठेवली.

पट्ट्यावर थोडा फरक. ब्रेकच्या जागी दोन रेघा दिसेनात. एकच दिसत होती.

पाणी पिऊन आले. पुन्हा बघितलं. एकच.

२२ नोव्हेंबर

कामावर गेले. आले.

२४ नोव्हेंबर, सोमवार

कँटीनमध्ये सुजितच्या समोर जाऊन बसले. तीन वर्षांत पहिल्यांदा. विचारलं, "मार्च सोळाच्या त्या फेरीला आत कोण होतं?"

चहाचा कप बाजूला सरकवला. मग म्हणाला, "हेल्मेट घातल्यावर आत कोण हाय ते कोण बघतंय, वहिनी."

हे त्याच्या आठवडाभर आधी ट्रॅकवर एका वळणात भिंतीला धडकले होते. घरी मला 'मान आखडली' एवढंच सांगितलं होतं. त्यानंतर त्या वळणाला ॲक्सिलरेटरवरून पाय आपोआप उचलला जायचा. ३१ मार्चला काँट्रॅक्ट संपत होतं. एकोणचाळीसच्या आत आले तर पर्मनंट, नाहीतर गेटबाहेर. सुजित आदल्या वर्षीच पर्मनंट झालेला. "माझं काय जाणार व्हतं? एक फेरी."

मी म्हटलं, "आणि त्याबदल्यात सात वर्षं त्यांच्याकडून शिफ्टा करून घेतल्या."

"एक बी मागितली न्हाई. तोच यायचा. जा तू घरी, म्हणायचा. त्या दिवशी बी मी गेटवर व्हतो. म्हटलं, दत्ता, तुझी रजा हाय, कशाला आलास? जा घरी. ऐकलं न्हाई. माझं कार्ड घेतलं खिशातून आणि गेला आत."

मग मी शेऱ्याचं सांगितलं. माझ्या हाताने लिहिलाय म्हणाले.

"वाचला की. खोटं काय हाय त्यात? माझ्याच टायमाला मी अर्धा सेकंद कमी पडलो." हसला. मला हसता आलं नाही. उठताना म्हणाला, "कुणाला सांगू नका. गेलेल्या माणसाचं नाव कशाला पुसता? आणि तुमची नोकरी बी त्याच कागदावर हाय. यार्डात काय वाईट हाय, दुपारी झोपायला मिळतं."

त्याच कागदावर आहे, खरंच. त्या फेरीने हे पर्मनंट झाले. पर्मनंट होते म्हणून ते गेल्यावर मला घेतलं. काँट्रॅक्टवाल्यांच्या बायकांना इथे कोणी विचारत नाही. ज्याचा चेहरा नको म्हणून मी जेवायची वेळ बदलून घेतली, त्याने मिळवून दिलेल्या खुर्चीत बसून त्याच्यावरच शेरा लिहिला.

आणि राग येतो तो ह्यांचाच. सात वर्षं मी जीभ झडते का विचारत होते. एकदा सांगायचं. भांडले असते, दोन दिवस बोलले नसते. पण त्या दिवशी तरी दार अडवून म्हटलं असतं — पुरे झालं आता, फिटलं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

मिनल मॅडमचा फोन. ह्यांचा हसरा फोटो हवाय. शोधते म्हटलं. शोधला नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार

चार वाजता कुलथे सरांना मेल केला. दोन्ही आलेख जोडले. मार्च २०१६ — चालक सुजित मस्के. नोव्हेंबर २०२५ — चालक सुजित मस्के. शेरा मागे घेतला. खाली माझं पूर्ण नाव लिहिलं, येळवंडे आडनावासकट.

सासूबाईंना काय सांगायचं ते ठरलेलं नाही.

बस वेळेवर आली. आज पाणी येण्याचा दिवस होता. पिंप भरलं, दोन कळश्या भरल्या, मग बादली. फरशीवर सांडलं होतं ते पुसून घेतलं.