थेंबातले जीव

शिरपूर जैन, एप्रिल १९३४

मायले पुंजाचा पाया पडून नमस्कार.

मी बरा हाये. तुहे गुडघे कसे हायेत?

पटकीची साथ हाये म्हणून शाळेत सूक्ष्मदर्शक दुर्बीण आणली अन् पोरायले पाण्याच्या थेंबात वळवळणारे जीव दाखवले. म्हटलं, पाणी उकळूनच पेत जा.

लहानगी गोमती म्हणे, "मास्तर, उकळलं की हे मरतात ना? आमच्या शेजारचे जैन त पाणी गाळून जीव परत विहिरीत सोडतात."

मी दुर्बीण पेटीत ठेवून देली. तवापासून पोरगी पाणीच पेत नाही, नुसती दुधावर हाये. ओठ फुटले तिचे. तिची माय माह्यासमोर रडून राह्यली.

तू असती त तिले कसं पाजलं असतं, ते लवकर कळव.

आज तिले दाखवाले मीच उकळल्या पाण्याचा पेला तोंडाले लावला. ती टक लावून पाहत होती. माह्याही घशाखाली घोट उतरला नाही.

तुहा पुंजा