पाठीआडचं काम

दि. ४ मार्च

तीर्थरूप बाबांना,

साष्टांग नमस्कार. आईनं लहानपणी पत्र असंच सुरू करायला शिकवलं म्हणून लिहिला आहे. आज तो मनापासून नाही, हे आधीच सांगते. इकडे मी खुशाल आहे. तुम्ही सगळे खुशाल असालच, कारण तुमच्या खुशालीचा फोटो मी रोज सकाळी बघते आहे.

एवढ्या महिन्यांत तुम्हाला वेगळं पत्र लिहिलं नव्हतं. फोनवर तुम्ही "बरी आहेस ना? आईकडे देतो" एवढंच बोलता, त्यामुळे तुम्हाला काही सांगायची सोय नसते. आणि आज जे लिहायचं आहे ते आईला सांगून उपयोग नाही. अक्षर वाकडंतिकडं आलं आहे, त्याचं कारण पुढे येईल.

तर फोटो. इथल्या काकू, ज्यांच्या घरी मी राहते, बेकरीत सकाळच्या पाळीला जातात. त्यांनी तो छापून आणला आणि फ्रिजवर लावला. दूध काढायला गेलं की समोर. कॉलेजनं वर्षभरासाठी अदलाबदल केली, मी यांच्या घरी आणि यांची लेक आपल्या घरी, हे मला मान्यच होतं. त्या पाहुणीला माझी खोली दिलीत, सायकल दिलीत, मी चकार शब्द काढला नाही. पण या फोटोत ती तुमच्या दुकानात, तुमच्या शेजारच्या स्टुलावर बसली आहे. डोळ्याला तुमचं भिंग, हातात तुमचा चिमटा. आणि तुम्ही मागे उभे राहून हसताय! बाबा, दुकानात तुम्ही हसता हे मला वीस वर्षांत माहीत नव्हतं.

काकू कौतुकानं म्हणाल्या, "किती छान शिकवतात गं तुझे बाबा! रोज दोन तास बसते म्हणे."

रोज दोन तास! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी मी हसून "हो का" म्हणाले आणि दुधाचं भांडं घेऊन खोलीत आले. भांडं कशाला आणलं ते मलाच कळेना.

त्याच स्टुलावर मी आठ वर्षांची असताना बसले होते, तेव्हा तुम्ही कान धरून खाली उतरवलंत. "हे मुलींचं काम नाही. आत जा." दादाला मात्र बळंच बसवलंत. त्याला तिथे झोप यायची. शेवटी एका गिऱ्हाइकाचा मिनिटकाटा त्यानं शिंकेत उडवला आणि जो पळाला तो अजून दुकानात फिरकत नाही. तेव्हापासून स्टूल रिकामंच होतं ना? मी चहा घेऊन यायचे आणि कप रिकामा होईपर्यंत घर आणि दुकान यांच्या मधल्या दारात उभी राहून बघायचे. मुद्दाम उकळता चहा आणायचे, म्हणजे तुम्हाला प्यायला वेळ लागेल. अशी बारा वर्षं.

एकच विचारते. तिला "मुलींचं काम नाही" हे का सांगितलं नाहीत? तिची भाषा येत नाही म्हणून? तिला आपली धड बोलता येत नाही, तुम्हाला तिची कळत नाही, तरी हातवारे करून शिकवलंत. माझ्यासाठी तर हातवाऱ्यांचीही गरज नव्हती. चारचौघांत तुम्ही मिरवता, "पोरीला परदेशात ग्रंथालयशास्त्र शिकायला पाठवलंय." पाठवलंत, खरं आहे. एवढ्या लांब पाठवलंत, पण त्या मधल्या दारातून तीन पावलं आत येऊ दिलं नाहीत.

आता उरलेलं सांगते. टाळता येत असतं तर टाळलं असतं.

यांच्या जेवणाच्या टेबलापाशी भिंतीवर एक लंबकाचं घड्याळ आहे. काका बस चालवतात. घड्याळ त्यांच्या वडिलांचं, ते गेल्यापासून बंद पडलेलं. मी आले तेव्हा काकांनी विचारलं होतं, "तुझे वडील घड्याळजी ना? मग तुलाही येत असेल." मी नाही म्हणाले होते. मान खाली घालून म्हणाले होते. फोटो आला त्या दिवशी त्याच टेबलावर मी सांगून टाकलं, "मी दुरुस्त करते. मला येतं." निव्वळ फुशारकी. पण काकांचा चेहरा असा खुलला की माघार घेता येईना. म्हणाले, "आमची पोर परत येईल तेव्हा तिला त्याचे ठोके ऐकू येऊ देत. आजोबांची फार लाडकी होती."

रविवारी दुपारी दोघं बाहेर गेली आणि मी घड्याळ खाली उतरवलं. लंबक काढला, काटे काढून क्रमानं रुमालावर मांडले, तबकडी काढली. हे सगळं मला येत होतं हो! हात आपोआप चालत होते. मग चाकं ज्यात धरलेली असतात त्या पट्ट्यांचे स्क्रू सैल केले, आणि धाडकन आतली गुंडाळलेली पोलादी कमान सुटली. बंद घड्याळाचीसुद्धा कमान भरलेली असते हे मला कुठून कळणार? चाकं उडाली, एक अंगठ्यात घुसलं. काकू आल्या तेव्हा मी नळाखाली हात धरून उभी होते. दवाखान्यात तीन टाके पडले. काकांनी घड्याळाकडे एकदाच पाहिलं आणि म्हणाले, "ते राहू दे, आधी हात सांभाळ." त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

पट्ट्या उघडण्याआधी तुम्ही काहीतरी करता. नक्की करता. दर वेळी उठून उभे राहायचात, दाराकडे पाठ करायचात, थोडा वेळ खांदा हलायचा, मग परत बसायचात. तेवढंच मला कधी दिसलं नाही. तुमची पाठ आड यायची.

आणि हे तुम्हालाच विचारावं लागतंय, याचा राग सगळ्यात जास्त आहे. आत दोन कमानी आहेत. काटे चालवणारी, चालीची कमान सुटली, पण ठोक्यांची अजून भरलेली आहे. पट्ट्या सुतळीनं करकचून बांधून ते सगळं कपाटात ठेवलं आहे. कपडे काढतानाही हात लांबूनच घालते. ती कशी सोडवायची? सोबत चित्र काढलं आहे. उत्तर पाहुणीकडून नको, आईकडूनही नको. स्वतःच्या हातानं लिहा.

तुमची,
चहा आणणारी


दि. २ एप्रिल

बाबा,

नमस्कार. पत्र मिळालं. दुकानाच्या पावतीमागे लिहिलंत. तारीख नाही, मायना नाही, आशीर्वाद नाही, एकदम "चावी लाव." चालेल, मला तेवढंच हवं होतं.

लिहिलंत तसं केलं. चावी बसवली, मुठीत घट्ट धरली, कमान अडवून धरणारा खटका बोटानं मागे ओढला आणि चावी हातातल्या हातात अर्धा-अर्धा फेरा उलटी सोडत गेले. तेरा वेळा. काका समोर बसून पट्ट्या दाबून होते. एवढी मोठी बस चालवणारा माणूस, पण घामाघूम झाला. शेवटी चावी हलकी लागली. एवढंच होतं ते! पाच मिनिटांचं काम.

पुढे आठवडा गेला. चाकाचा वाकलेला आस सरळ केला, दोन दाते चिमट्यानं उभे केले. काल सकाळपासून घड्याळ चालू आहे. एक ठोका कमी देतं. का ते मला कळलं आहे, तुम्ही सांगू नका. आज सहाला पाच ठोके पडले तर काकू म्हणाल्या, "बरं झालं, आता कामावर तासभर उशिरा गेलं तरी चालेल." काका चष्मा पुसत राहिले.

इथवर हे पत्र आनंदाचं झालं असतं. पण तुम्ही खाली तीन ओळी जास्तीच्या लिहिल्यात. "तू दारात असायचीस ते समोरच्या कपाटाच्या काचेत दिसायचं. कमान सोडताना मुद्दाम पाठ करायचो. बघितलं असतंस तर आत जाऊन करून पाहिलं असतंस, बोट गेलं असतं."

हे वाचून मला भरून येईल असं वाटलं असेल तुम्हाला. आलं, खोटं कशाला बोलू. दोन दिवस ती पावती उशाशी घेऊन झोपले. तिसऱ्या दिवशी पुन्हा वाचली आणि डोकंच फिरलं. म्हणजे तुम्हाला माहीत होतं! मी बारा वर्षं दारात उभी आहे हे माहीत होतं. मला करून बघायचंय हे माहीत होतं. करून बघण्याइतकं मला येतंय हेसुद्धा माहीत होतं! आणि तुम्ही काय केलंत? पाठ केलीत. माझं बोट वाचावं म्हणून. या आणि बघा माझा अंगठा. एकदा आत बोलावून "आधी हे कर, नाहीतर लागेल" म्हणाला असतात तर ही वेळ आली नसती. काकूंनी फोनवर पाहुणीला विचारलं, तर तुम्ही पहिल्याच दिवशी तिला तेच शिकवलंत म्हणे. तिची बोटं शिकवून वाचवलीत आणि माझी लपवून. हे मी विसरणार नाही, बाबा. अंगठ्याकडे बघितलं की आठवेल.

तिच्यावर माझा राग नाही. ती निघेपर्यंत स्टूल तिलाच राहू द्या, तिनं माझं काही पळवलेलं नाही. मी सतरा मेला सकाळी पोचते. मधल्या दारातूनच दुकानात येईन, आणि हातात चहा नसेल. चहा कोण आणणार ते तुम्ही आणि दादा ठरवा. मला ते स्टूल रिकामं हवं आहे, दुसरं नवीन नको, तेच. आणि पहिलं घड्याळ उघडाल तेव्हा उठून उभे राहू नका. बसून करा, मला दिसेल असं.

आईला सांगा टाके निघाले, वण राहील.

तुमची मुलगी,
घड्याळजी