कंपनी बदला, नंबर तोच

डहाणू, मंगळवार, जानेवारी २०१८

माझ्या रिचार्जच्या दुकानावर मीच पाटी रंगवून घेतली आहे, ‘कंपनी बदला, नंबर तोच’. कायदाच आहे तसा. म्हणून मागच्या आठवड्यात धाकटी डहाणूच्या कोळीवाड्यातल्या जमनामावशींना सांगितलं, मोठ्या कंपन्यांच्या स्वस्ताईपुढे तुमची कंपनी बुडतेय, पण घाई नको, नंबर कुठे पळत नाही.

आज त्या आल्या तेव्हा फोनला रेंजच नव्हती. कंपनीने सकाळीच सेवा बंद केली. नंबर दुसऱ्या कंपनीत न्यायचा तर मेसेज त्याच नंबरवरून जावा लागतो. रेंजच नाही तर जाणार कसा? इतकी वर्षं हाच धंदा करतो, आणि हे मला सुचू नये?

“नवीन नंबर देतो, मावशी.”

“दे. पण आमचे हे बोटीवर आहेत, त्यांना कोण सांगेल? किनारा जवळ आला की बोट चालवणाऱ्या तांडेलाच्या फोनवरून हाच नंबर लावतात. हाच पाठ आहे त्यांना.”

मी नवं सिम काढून दिलं. जाताना त्यांनी वर पाटीकडे पाहिलं. त्यांना वाचता येत नाही. मीच वाचून दाखवली होती.