मातीच्या घराला आगीचा विमा

प्रति,
मा. शाखाधिकारी साहेब,
घरविमा विभाग, विमा कंपनीचे शाखा कार्यालय, जालना.

अर्जदार : गोजरबाई भ्र. रामराव बागल, वय ६१, व्यवसाय शेती व घरकाम, रा. आष्टी, ता. परतूर, जि. जालना.

विषय : मातीच्या घराला पावसाचा सोडून आगीचा विमा दिल्याबाबत, आणि देणाऱ्याचा बंदोबस्त करणेबाबत.

संदर्भ : आपले दि. ४ सप्टेंबर १९९५ चे नामंजुरीचे पत्र.

महोदय,

१. अर्ज सादर करते की, आपले पत्र पोचले. "आग लागल्याचा पुरावा आढळून आला नाही, सबब दावा नामंजूर," असे त्यात लिहिले आहे. साहेब, आग लागली असे मी कुठेच म्हटलेले नाही. पोळ्याच्या आधी तीन दिवस झड लागली होती, त्यात माझे माळवद बसले. माणसे आधीच गोठ्यात नेली होती म्हणून वाचली. माझ्या घराच्या भिंती मातीच्या, वर लाकडाच्या तुळया, आणि तुळयांवर हातभर माती, तेच माळवद. ओल्या मातीला आग कशी लागते हे कंपनीला ठाऊक असेल तर माणूस पाठवून दाखवावे. मला तर पावसाळ्यात चूल पेटवायला अर्धी सकाळ लागते.

२. हकिकत अशी की, किल्लारीकडे भूकंप झाला त्या साली आमचे अख्खे गाव अंगणात झोपत होते. त्याच दिवाळीत आपले एजंट राधाकिसन ढवळे, रा. परतूर, माझ्या घरी आले. हे गृहस्थ माझे व्याही लागतात. त्यांची मुलगी गोपिका माझ्या संपतला दिलेली आहे. आग, पाऊस, पूर, भूकंप, चोरी, ज्याला जे पाहिजे ते निवडता येते, असे त्यांनीच सांगितले. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई, पण माझे घर कशाने पडेल हे मला कळते. मी म्हणाले, "इवाई, मातीचं घर पाण्यानं जातं, न्हाईतर हादऱ्यानं जातं. ही दोन बराबर घाला. बाकीचं राहू द्या." त्यावर ते हसले. "विहीणबाई, तुमच्या घराला येवढं कशाला? साधा घ्या. समदं त्यातच येतं."

तुमच्या घराला, असे म्हणाले. ते मी विसरलेले नाही.

घर पाहून विमा लिहायचा असतो म्हणून संपतने माळवदाला शिडी लावून दिली. ते वर चढले नाहीत. ओसरीवर बसून अनारसे खाल्ले, दुसऱ्यांदा मागून घेतले, आणि बसल्या जागी कागद भरला. आता आपल्या पत्रावरून समजते की, साध्या विम्यात आग, वीज, दंगल आणि विमान कोसळणे एवढेच येते. साहेब, आष्टीवरून विमान जाते ते बोटभर दिसते. ते नेमके माझ्या डोक्यावर पडले तर काय, याची काळजी व्याह्यांनी घेतली. पावसाची घेतली नाही.

३. सदर इसमाचे स्वतःचे घर परतूरला आहे, स्लॅबचे. त्याला मात्र पाऊस, पूर, भूकंप, सगळे घेतलेले आहे. त्याच झडीत त्यांची कुंपणाची भिंत पडली आणि ती कंपनीने भरून दिली. हे त्यांच्याच मंडळींनी मला मोठ्या कौतुकाने सांगितले. म्हणजे कोणत्या घराला काय लागते हे त्यांना कळत नव्हते, असे म्हणायची सोय राहिलेली नाही.

४. पुढची गोष्ट लिहायची नव्हती, पण लिहिते. आपले पत्र आल्याचे ऐकून ते केळी घेऊन गोठ्यावर आले. सध्या मी, संपत, गोपिका, दोन नातवंडे आणि दोन बैल एकाच छपराखाली आहोत. जवळ सरकून ते हळूच म्हणाले, "विहीणबाई, पडलेल्या तुळया वाळल्यात आता. त्याला काडी लावा. आग लागली म्हणून मी लिहितो, पुढचं माझ्याकडं लागलं."

मला ऐकू चांगले येते. तरी मी कानाला हात लावून म्हणाले, "काय म्हणून राह्यले इवाई? जरा मोठ्यानं बोला." ते मोठ्याने बोलले. मी विचारले, "तुळयांना काय लावू? तेल?" तेव्हा चिडून ओरडले, "काडी लावा म्हणतो, काडी! जाळून टाका समदं!" आमची भिंत आता उभी नाही, हे ते विसरले. शेजारची साळूबाई दारात तूर पाखडत होती, तिचे सूप हातातच राहिले. समोर पोलीस पाटील बद्रीनाथ दाढी करत होते. ते अर्ध्या गालाचा साबण तसाच ठेवून रस्त्यापर्यंत आले आणि म्हणाले, "राधाकिसनराव, काडीपेटी देऊ का?" भिंत पडल्याचा आजवर मला एवढा एकच फायदा झाला.

५. त्याचा राग धरून ते दुसऱ्या दिवशी जीप घेऊन आले. "माझी पोरगी जनावरात ठेवायला दिली न्हाई. लेकरांसकट घेऊन चाललो," असे सगळ्या गल्लीसमोर म्हणाले. साहेब, घर पडले ते मी सोसले. पण ज्याच्यामुळे घर उभे राहत नाही त्याच्याच घरी माझी सून आणि नातवंडे राहायला जाणार, हे मला सोसण्यासारखे नव्हते. तरी तिला अडवायचे सोडून मी बैलांपुढे वैरण टाकत राहिले. गोपिकाच पुढे झाली. म्हणाली, "बाबा, काडी लावा म्हणले ते मीबी ऐकलंय. तुमचे नातू त्याच तुळयांवर खेळून राह्यलेत, दिसत न्हाई का? मी येत न्हाई. घर उभं राहिलं की या, चहा देते." जीप रिकामी गेली.

६. तरी विनंती की,

(अ) मी पाऊसच मागितला होता. तेव्हा तो दिलेला आहे असे धरून, थंडीच्या आत घर उभे राहील अशा बेताने दाव्याचा निकाल लावावा. आपल्या कचेरीचे छत पक्के आहे असे ऐकते. उत्तर न आल्यास आम्ही सहकुटुंब, बैलांसह, तिथे मुक्कामाला येऊ. वैरण आमची आम्ही आणू.

(ब) नवा विमा मी स्वतः निवडणार आहे. पाऊस, पूर, भूकंप एवढे घ्यावे. विमान आणि दंगल वगळावी. दंगलीपुरते आमचे व्याही आहेत.

(क) सदर इसमाची एजंटी काढून घ्यावी, असे मी इथे लिहिले होते. सुनेने अर्ज वाचला आणि म्हणाली, "आत्या, एजंटी काढली तर ते चार दिवस रुसतील अन् मंग दुकान टाकून मजेत बसतील. काढू नका. तालुक्यात त्यांनी जितक्या मातीच्या घरांचा विमा उतरवला, तितक्या माळवदांवर त्यांना चढवा. वर उभं राहून एकेका मालकाला ओरडून सांगू द्या, काय धरलंय अन् काय न्हाई ते."

साहेब, हे मला सुचले नव्हते. बापाला ती माझ्यापेक्षा जास्त ओळखते. म्हणून माझी मागणी खोडून तिची लिहिली आहे, तीच मंजूर करावी.

(ड) त्यांच्या धाकट्या मुलाचा साखरपुडा येत्या १ ऑक्टोबरला, रविवारी, परतूरला आहे. वरील हुकूम टपालाने न पाठवता त्या दिवशी शिपायाच्या हाती मांडवात पोचवावा आणि पाहुण्यांसमोर वाचून दाखवावा. ही मागणी माझी आहे. सुनेने ती खोडायला सांगितली होती. मी खोडलेली नाही.

उत्तराची वाट पाहणारी,
गोजरबाई भ्र. रामराव बागल
(सही स्वतःच्या हाताची)
आष्टी, दि. ११ सप्टेंबर १९९५

सोबत : विम्याचा कागद. आपले नामंजुरीचे पत्र. पोलीस पाटलांनी ऐकले त्याचा लेखी दाखला.

साक्षीदार : सौ. गोपिका भ्र. संपत बागल, अर्जदाराची सून, एजंटाची मुलगी. कलम (ड) सोडून बाकी सर्व कबूल.