ओल्या ओट्यावरची वाटी

ओक्लाहोमा

चि. चिंधूस दादाचा जय भीम.

लेकाकडं, अश्वजितच्या घरी मी मजेत आहे. पण सेलूच्या आपल्या वावरातल्या कोरड्या बोअरमध्ये कारखान्याचं घाण पाणी दाबून भरायले तू हो म्हटलंस? काऊन रे? लाज नाई वाटली?

इथे तेलविहिरींचं पाणी असंच खोल दाबतात. ओल्या ओट्यावर गरम वाटी खाली कोंडलेल्या हवेच्या दाबानं आपोआप सरकते ना, तशी त्या दाबानं खडकांची पकड सुटते अन् जुन्या भेगेवर जमीन सरकते. काल तशाच भूकंपात आईचा फोटो भिंतीवरून पडला.

त्याच वावराच्या धुऱ्यावर बसून धरणीमायच्या कविता घोकायचास, बेइमाना!

तुझ्या बायकोचे, पंचफुलाचे गुडघे कसे आहेत? तिले सांग, मी येऊन राह्यलो. बोअरच्या तोंडावर खाट टाकून झोपीन. मग सोडजो पाणी.

तुझा, अजून तरी,
दादा